गैरहजर महिन्यांचा पगार

बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्यात व्यवस्थापनाची ‘दुहेरी’ पदवी घ्यायला निघालेला विद्यार्थी आधी कॉलेजचा अर्ज भरत नाही, नोकरीचा भरतो. दुकानांची एखादी साखळी, विमा कंपनी, बँक किंवा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना त्याची मुलाखत घेतो आणि त्याच्याशी तीन वर्षांचा करार करतो. तो करार हातात असेल तरच राज्याच्या दुहेरी विद्यापीठात, म्हणजे ड्युआले होखशूलेत, त्याला जागा मिळते. ऑक्टोबरपासून पगार सुरू. पुढचे 36 महिने साधारण तीन महिने वर्गात, तीन महिने कंपनीत अशी ये-जा चालते. पगाराला मात्र अशी खंड पडण्याची मुभा नसते, तो दर महिन्याला येतो. विद्यार्थी सांख्यिकीच्या तासाला बसलेला असतो त्या महिन्यातही कंपनी त्याला पैसे देते. या पद्धतीचं कौतुक करणारे बहुधा ‘प्रत्यक्ष अनुभवा’बद्दल बोलतात. मला वाटतं, तिची कळ अनुभवापेक्षा या गैरहजर महिन्यांच्या पगारात आहे.

मुळात ही मागणी शिक्षणतज्ज्ञांची नव्हती, कंपन्यांची होती. 1970 च्या सुमारास आबिटूर ही शाळेची अखेरची परीक्षा पास होणारी मुलं मोठ्या संख्येनं विद्यापीठांकडे वळू लागली आणि दुकानं-कारखान्यांमधली जुनी उमेदवारी त्यांना कमी दर्जाची वाटू लागली. हुशार मुलं हातची निघून चालली हे पाहून डायमलर-बेंझ, बॉश आणि स्टँडर्ड इलेक्ट्रिक लॉरेन्झ या तीन कंपन्यांनी 1972 मध्ये उमेदवारी आणि पदवी यांची सांगड घालणारी योजना पुढे आणली. ‘स्टुटगार्ट मॉडेल’ या नावानं ती ओळखली गेली. 1974 मध्ये स्टुटगार्ट आणि मानहाइम इथे तिच्या अकादमी सुरू झाल्या, तेव्हा विद्यार्थी 164 होते. 2009 मध्ये या अकादमींना विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज तिथे तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात आणि भागीदार कंपन्या व संस्था 9,000 च्या आसपास आहेत. सुरुवात करणाऱ्यांपैकी दोघांना आपणही चांगलं ओळखतो: एकाची गाडी चाकणला तयार होते, दुसऱ्याचा कारखाना नाशिकला आहे.

हे तीन-तीन महिन्यांचं चक्र नेमकं काय करतं, ते किरकोळ व्यापार शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाटचालीत चांगलं दिसतं. हाइलब्रॉन हे अशा शिक्षणाचं एक केंद्र. पहिल्या फेरीत त्याला दुकानात उभं करतात. सकाळी आलेला माल उतरवून घ्यायचा, कपाटात जुनी तारीख पुढे आणि नवी मागे अशी मांडणी करायची, गल्ल्यावर बसायचं, साठ्याची मोजदाद करायची. यात पदवीचं असं काहीच नाही, आणि काही विद्यार्थी या टप्प्यावर कुरकुरतात. मग तो वर्गात जातो आणि परिव्ययाच्या तासाला शिकतो की विक्रीच्या रकमेतून मालाबरोबर कमी-जास्त होणारा खर्च वजा केला की जे उरतं, त्यातून दुकानाचं भाडं आणि पगार भागवायचे असतात. ज्यानं आदल्या महिन्यात संध्याकाळी न खपलेला पाव आणि मुदत संपत आलेलं दही बाजूला काढलेलं असतं, त्याला हे सूत्र पाठ करावं लागत नाही. सूत्र येण्याआधीच त्याच्याजवळ प्रश्न असतो. पुढच्या फेरीत तो खरेदी विभागात बसतो आणि पुरवठादाराशी भावाची घासाघीस कशी होते ते पाहतो. नंतर हिशेब-नियंत्रण, मनुष्यबळ, जाहिरात. दरम्यान कंपनीतलाच एखादा प्रश्न घेऊन त्याला प्रकल्प-निबंध लिहायचे असतात. एखाद्या शाखेत नासाडी जास्त का होते, मागणीचा अंदाज कुठे चुकतो, असे हे प्रश्न. गुण विद्यापीठ देतं. तिसऱ्या वर्षी पदवीचा प्रबंधही बहुधा कंपनीच्याच प्रश्नावर होतो.

इथे तीन महिन्यांच्या मापाला महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये कामाचा काळ मध्ये घालणारे ‘सँडविच’ अभ्यासक्रम खूप जुने आहेत. संडरलँडच्या तंत्रमहाविद्यालयात ते 1903 मध्येच अभियांत्रिकीसाठी सुरू झाले. ब्रिटनमधल्या अशा व्यवस्थापन पदवीत आज साधारणपणे दोन वर्षं वर्गात, तिसरं अख्खं वर्ष पगारी कामावर आणि चौथं पुन्हा वर्गात असा क्रम असतो. एक सलग वर्ष मिळाल्यामुळे विद्यार्थ्याला जबाबदारीचं काम मिळतं, हा त्याचा फायदा आहे आणि तो लहान नाही. पण पहिल्या वर्षी शिकलेलं वापरायला तिसरं वर्ष उजाडावं लागतं, आणि कामावर पडलेले प्रश्न विचारायला शिक्षक जवळ नसतात. शिवाय ब्रिटिश कंपनी पैसे मोजते ते फक्त हजर वर्षाचे. आधीची दोन वर्षं विद्यार्थी काय शिकला याच्याशी तिचं देणंघेणं नसतं.

आता पगाराकडे येऊ. पगाराला आपण विद्यार्थ्याची सोय समजतो: खोलीभाडं निघतं, आई-वडिलांवर भार पडत नाही. ते खरंच आहे. पण पगार कंपनीला काय करायला लावतो, हे जास्त पाहण्याजोगं आहे. आपल्याकडच्या बीबीए-एमबीएची उन्हाळी इंटर्नशिप डोळ्यांसमोर आणा. दोन महिने, बहुतेकदा बिनपगारी किंवा नावापुरत्या पैशांवर. फुकट आलेल्या माणसाचा वेळ कोणाच्याच खात्यात खर्च म्हणून पडत नाही, त्यामुळे तो वाया गेला तरी कोणी जाब विचारत नाही. त्याला एका कोपऱ्यात बसवतात, जुन्या फायली देतात, शेवटी लेटरहेडवर प्रमाणपत्र देतात, आणि स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल कॉलेजच्या कपाटात जाऊन पडतो. यात कोणाची वाईट दानत नसते; त्या मुलाला शिकवण्यात कंपनीचं काहीच अडकलेलं नसतं, एवढंच. 36 महिन्यांचा पगार, त्यातला निम्मा समोर नसलेल्या माणसासाठी, हे मात्र ठळकपणे अडकलेले पैसे आहेत. त्या मुलाकडून आज करून घेतलेल्या कामातून ते वसूल होत नाहीत. तो शिकून तयार झाला आणि टिकला, तरच वसूल होतात. म्हणून त्याला वेगवेगळ्या विभागांतून फिरवलं जातं, प्रत्येक फेरीला एक माणूस जबाबदार धरला जातो, आणि वर्गात काय झालं याची चौकशीही होते. कंपनीचा शिकवण्यातला हा रस सदिच्छेतून आलेला नाही, गुंतवणुकीतून आलेला आहे, आणि सदिच्छेपेक्षा तो जास्त दिवस टिकतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे शिक्षण कसलं, हे तर कंपनीच्या मापाचं माणूस घडवणं झालं. आक्षेप हलका नाही. जर्मनीत कंपनीच्या प्रश्नांवर लिहिलेल्या अनेक प्रबंधांवर गोपनीयतेचा शेरा असतो. तो प्रबंध परीक्षकांखेरीज कोणी वाचू शकत नाही. विद्यापीठात निर्माण झालेलं ज्ञान कुलूपबंद राहावं हे मला खटकतं, आणि त्याचं समर्थन मला सापडलेलं नाही. व्यवस्थापनाच्या पदवीनं मालकाच्या निर्णयांवर शंका घ्यायला शिकवावं अशी अपेक्षा असेल, तर ज्याचा पगार घेतो त्याच्यावर शंका घेणं अवघडच. तरीही एक गोष्ट विसरली जाते. वर्ग लहान असतात, साधारण तीसजणांचे, आणि त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची मुलं शेजारी-शेजारी बसतात. मोठ्या साखळीत काम करणाऱ्याच्या बाजूला कौटुंबिक दुकानात काम करणारी मुलगी असते. आमच्याकडे साठ्याचा हिशेब असा ठेवतात, असं एकजण म्हणाला की दुसरी सांगते, आमच्याकडे तसं नाही. ‘आमच्या कंपनीत असंच करतात’ याला उत्तर द्यायला पुस्तकापेक्षा दुसरी कंपनी जास्त उपयोगी पडते. शिवाय पदवीचे निकष राज्याचं विद्यापीठ ठरवतं. भागीदार होण्यासाठी कंपनीलाही विद्यापीठाची मान्यता लागते आणि कामाच्या काळात काय शिकवायचं याचा आराखडा पाळावा लागतो. मुलाला तीन वर्षं कपाटं लावायला ठेवणारी कंपनी असू शकते. पण तसं झालं तर तक्रार न्यायला एक जागा आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. प्रवेशाची किल्ली कंपनीच्या हातात असेल तर आडनाव, बोलण्याची ढब, वडिलांची ओळख यांचं वजन गुणांपेक्षा वाढणार नाही का? वाढू शकतं. गुणवत्ता यादीत निदान आकडे भिंतीवर लागतात. मुलाखतीत नाकारलेल्याला कारण कळत नाही. आणि आत गेल्यावरही कायद्याचं संरक्षण अपुरं आहे. दुहेरी पदवीचे विद्यार्थी 2012 पासून सामाजिक विम्याच्या कक्षेत आले, पण 2020 मध्ये जर्मनीचा व्यवसाय-प्रशिक्षण कायदा सुधारून साध्या उमेदवारांना किमान वेतनाची हमी दिली गेली, तेव्हा हे विद्यार्थी त्याबाहेरच राहिले. कामगार संघटनांची मागणी होती, ती मान्य झाली नाही. म्हणजे पगार हा या पद्धतीचा कणा, आणि तोच करारावर सोडलेला. तरी या आक्षेपाची दुसरी बाजू आहे. ज्या घरात तीन वर्षं मुलाला पोसणं परवडत नाही, त्या घरातल्या मुलासाठी कमाईची पदवी हाच पदवीचा रस्ता असतो. मुलाखतीतला पक्षपात खरा आहे. पण शहरात राहण्याच्या खर्चामुळे मुळात अर्जच न करणाऱ्यांची गळती कोणत्याही यादीत दिसत नाही, म्हणून आपण ती मोजत नाही.

ओझ्याचा आक्षेप थोडक्यात सांगून होतो: साध्या तीन वर्षांच्या पदवीला 180 युरोपीय श्रेयांक लागतात, इथे तेवढ्याच काळात 210, आणि सत्रांमधल्या लांब सुट्ट्या नाहीत, नोकरदाराची रजा आहे. विसाव्या वर्षी रिकामा उन्हाळा ज्याला हवा असेल, त्यानं हा रस्ता धरू नये.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी चौकट आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2020 मध्ये पदवी अभ्यासक्रमात उमेदवारी गुंफायची मार्गदर्शक तत्त्वं दिली. 2019 मध्ये पदवीधर उमेदवाराचं किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये ठरलं, आणि राष्ट्रीय उमेदवारी प्रशिक्षण योजनेत किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. हेतू चांगला, पण दोन ठिकाणी कळ सैल होते. विद्यावेतन मिळतं ते उमेदवारीच्या सत्रापुरतं, म्हणजे फक्त हजर महिन्यांचं. आणि त्यातलेही निम्मे पैसे दुसऱ्याचे. कंपनीच्या दृष्टीनं हा अर्ध्या दरात मिळालेला माणूस आहे, आणि अर्ध्या दरात मिळालेल्या माणसाला कोणी चार विभागांतून फिरवत बसत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रानं याच बाडेन-व्युर्टेंबर्गशी करार केला, तोही कुशल माणसं तिकडे पाठवण्याचा. माणसं जाण्याला माझा विरोध नाही. पण त्या राज्याकडून घेण्यासारखी गोष्ट तिथल्या नोकऱ्यांपेक्षा ही पगाराची अट आहे.

सातपूर किंवा भोसरीतल्या वीस माणसांच्या कारखान्याला हे परवडणार कसं, असं विचारलं जाईल, आणि विचारायलाच हवं. तिथे एक युक्ती उपयोगी पडेल. स्टुटगार्टच्या पद्धतीत विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या असतात: एक वर्गात असते तेव्हा दुसरी कामावर. कारखान्यानं दोन तुकड्यांतून एकेक विद्यार्थी घेतला तर वर्षभर एकजण हजर राहतो. 2019 च्या किमान दरानं दोघांचे मिळून महिन्याला 18,000 रुपये होतात, आणि सरकारचा वाटा वर्गातल्या महिन्यांनाही लागू केला तर कारखान्याच्या खिशातून 9,000. ठरावीक माणूस, हिशेब-खरेदीचं काम, आणि तीन वर्षांनी कारखान्याची आतून माहिती असलेला पदवीधर, यासाठी ही रक्कम अशक्य नाही. अडेल ते कॉलेजच्या बाजूला. दोन तुकड्या म्हणजे तोच विषय वर्षातून दोनदा शिकवायचा, दोनदा परीक्षा घ्यायची, आणि उन्हाळ्यात इमारत बंद ठेवायची नाही. सगळ्या जिल्ह्यांत एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका उघडणाऱ्या आपल्या विद्यापीठांना हे जमणार नाही. स्वायत्त महाविद्यालयांना जमू शकतं, पण त्यासाठी आधी प्राध्यापकांच्या सुट्ट्यांचा प्रश्न सोडवावा लागेल.