दोन ग्रॅम

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात साठीचे एक गृहस्थ बोटाएवढ्या बॅटऱ्या एकेक करून नाकाशी नेत होते. दुकानदाराला त्याचं काही नवल नव्हतं, मला होतं. विचारलं तर म्हणाले, "लिपो बिघडली की गोड वास सुटतो. हेलिकॉप्टरसाठी घेतोय." गप्पा वाढल्या, आणि पुढच्या रविवारी मी डोंबिवलीत त्यांच्या बंद करून घेतलेल्या गॅलरीत जाऊन बसलो.

काका टूलरूममधून निवृत्त झालेले. टेबलावर बारीक स्क्रूड्रायव्हर, काचेचा तुकडा, सोनारी वजनकाटा आणि एक मातीची कुंडी. कुंडीत झाड नाही. बॅटऱ्या चार्ज होताना त्यात ठेवतात, एखादी पेटलीच तर आत जळून जावी म्हणून.

अकरावीतला एक मुलगा आपलं सहा चॅनलचं हेलिकॉप्टर घेऊन आला होता. "काका, वर उचलतच नाही. मेटल हेड घालू का?"

काकांनी हेलिकॉप्टरला हातही लावला नाही. बॅटरी काढून हुंगली आणि माझ्यापुढे धरली. नेलपॉलिशसारखा वास, पण गोडसर. तो नंतर दिवसभर नाकातून गेला नाही. पाकीट मधोमध फुगलं होतं. मग त्यांनी हेलिकॉप्टरचे पाय एका लाकडी पट्टीला बांधले, मीटर जोडला आणि थ्रॉटल दिला. 4.1 व्होल्टचा आकडा बघता बघता 3 च्या आसपास आला.

"परीक्षेच्या आधी फुल चार्ज करून कपाटात ठेवली होतीस ना?"

मुलगा गप्प. लिपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा, एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट दाखवतो. वापरायचा नसेल तर 3.8 च्या आसपास आणून ठेवायचा. भरलेला तसाच पडून राहिला तर आतून खराब होत जातो. म्हणजे दुखणं बॅटरीचं आणि औषध डोक्याला चालू होतं.

मेटल हेडचा, म्हणजे पाती धरणाऱ्या धातूच्या भागाचा, विषय मात्र मुलगा सोडेना. फोनवर त्यानं फोटो दाखवला: निळं, चकचकीत अ‍ॅल्युमिनिअम. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. काकांनी डब्यातून तसलंच एक काढलं, काट्यावर ठेवलं, मग मूळ प्लॅस्टिकचं ठेवलं. "दोन ग्रॅम जास्त."

दोन ग्रॅम म्हणजे किती, असं मी विचारलं. सगळं यंत्रच जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचं, त्यात दोन ग्रॅम म्हणजे उड्डाणाचा वेळ घटला, मोटर तापली. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच. हेलिकॉप्टर आपटलं की हेडमधली, पातं पकडणारी प्लॅस्टिकची ग्रिप तुटते, ती स्वस्तात मिळते. अ‍ॅल्युमिनिअमची तुटत नाही. मग धक्का पुढे जातो, पाती ज्यावर बसतात तो फेदरिंग शाफ्ट वाकतो, मेन गिअरचे दात जातात, पात्यांचा कोन बदलणारा सर्व्हो बसतो. "मोडायचं थांबत नाही, मोडायची जागा बदलते. महागाच्या बाजूला." असा एक शाफ्ट त्यांनी काचेवर घरंगळत सोडला. सरळ असता तर आवाज न करता गेला असता. हा टकटक करत गेला. एवढ्याशा वाकानं सगळं यंत्र थरथरतं, तोल सांभाळणारा जायरो गोंधळतो आणि शेपूट हलायला लागते.

पहिलं हेलिकॉप्टर कुठलं घ्यावं, यावर काका फार बोलत नाहीत. सायमा एस107 सारखी एकावर एक दोन पंखे असलेली खेळणी घरात मजेत उडतात. पंखे उलटसुलट फिरत असल्यामुळे अंग गरगरत नाही, पण बाहेर वाऱ्यात त्यांचा निभाव लागत नाही. फिक्स्ड पिचमध्ये वर-खाली जायचं ते मोटरचा वेग बदलून. कलेक्टिव्ह पिचमध्ये वेग कायम ठेवून पात्यांचा कोन बदलतात. म्हणून ते उलटंही उडतं आणि डोळ्यादेखत जमिनीतही घुसतं. तैवानच्या अलाइनचं टी-रेक्स 450 वगैरे त्यानंतर, मोकळं मैदान असेल तर.

यातलं काही खेळण्यांतून खऱ्या हेलिकॉप्टरांकडे गेलं आहे, हे मला तिथंच कळलं. आर्थर यंग नावाच्या अमेरिकन माणसानं 1930च्या दशकात छोटी मॉडेलं उडवत-आपटत पंख्याला स्थिर करणारी दांडी शोधली, 1941 मध्ये तो बेल कंपनीत गेला आणि त्यातून बेल 47 झालं. 1946 मध्ये नागरी वापराचा परवाना मिळालेलं ते पहिलं हेलिकॉप्टर. आज कलेक्टिव्ह पिच मॉडेलांवर ती दांडी जवळजवळ दिसत नाही. तिचं काम जायरो करतो.

काकांच्या मते पैसे घालायचे तर चार चांगल्या बॅटऱ्या, शेपटीची मोटर आणि ट्रान्समीटर यांत घालावेत. उरले तर सिम्युलेटर. "तिथं आपटलं तर बटण दाबलं की झालं."

खाली पार्किंगमध्ये नवी बॅटरी घालताच हेलिकॉप्टर ताडकन वर गेलं. मुलगा खूश. मग त्यानं नाक स्वतःकडे वळवलं. अशा वेळी उजवं-डावं उलटं होतं, हे त्याला ठाऊक होतं, बोटांना नव्हतं. मोटारीच्या चाकावर आपटून एक ग्रिप गेली. काकांनी खिशातून दुसरी काढली आणि तिथंच एका स्कूटरच्या सीटवर बसवून दिली.

"रोज दहा मिनिटं नाक समोर ठेवून नुसतं एका जागी धरायचं. महिनाभर. बाकी काही नाही."

मुलगा हो हो म्हणत फोनमध्ये बघत होता. ते निळं हेड त्यानं तेवढ्यात मागवून टाकलं होतं.

"कधी येतंय?" काकांनी विचारलं.

"बुधवारी."

"मग गुरुवारी ये. बसवून देतो. आणि हो, येताना मेन गिअर दोन जास्तीचे घेऊन ये."