परळची कोठी आणि पटकीचं विष

काळाचौकीच्या अभ्युदयनगरातून पायी जाता येईल इतक्या अंतरावर परळची हाफकिन संस्था आहे. तिचं नाव निघालं की लोकांना प्लेगची लस आठवते, फार तर सर्पदंशावरचं औषध. पटकीशी, म्हणजे कॉलऱ्याशी, या वास्तूचं जुनं वैर आहे ते मात्र क्वचितच कुणी सांगतं. पूर्वी ही गव्हर्नरची कोठी. १८८०च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने दगावली आणि गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. गिरणगावाला अशी सोय नव्हती. त्याच्या वाट्याला मरीआईचा नवस. १८९९मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा इथे आली.

पटकीचा जंतू १८८४ साली रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात ओळखला. तो विष सोडत असावा, हा तर्कही त्याचाच. पुरावा मिळायला पाऊणशे वर्षं लागली, कारण प्रयोगशाळेतल्या प्रौढ प्राण्यांना जंतू खाऊ घातले तरी पटकी होईना. १९५५मध्ये हाफकिनच्या एन. के. दत्ता आणि हब्बू यांनी सशाची कोवळी पिल्लं वापरली, आणि त्यांना माणसासारखे जुलाब झाले. १९५९मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जंतू नसलेल्या अर्कानेही तेच घडवून दाखवलं. त्याच वर्षी कलकत्त्यात शंभूनाथ दे यांनी जंतू गाळून काढलेलं द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं आणि आतडं पाण्याने फुगलं. दे यांचा पुरावा अधिक स्वच्छ, कारण त्यांचं विष जंतूने स्वतःच बाहेर टाकलेलं होतं. परळचा अर्क जंतू फोडून काढलेला. पण अख्ख्या प्राण्यात रोग उभा केला तो परळने.

शुद्ध विष हाती आलं १९६९मध्ये आणि त्याची पूर्ण त्रिमितीय रचना १९९५मध्ये. रचना देखणी आहे. खाली पाच सारख्या प्रथिनांचं कडं, ‘बी’ भाग. तो आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ नावाच्या मेदरेणूला पकडतो. कड्यावर बसलेला ‘ए’ भाग हा खरा विकर, म्हणजे एन्झाइम. त्याची शेपटी कड्याच्या भोकात अडकवलेली. पेशी हे सगळं स्वतःच आत ओढून घेते. आत ‘ए-१’ हा तुकडा सुटतो, एनएडी रेणू तोडतो आणि त्यातला एडीपी-रायबोज एका जी-प्रथिनावरच्या आर्जिनिनला चिकटवतो. हे प्रथिन म्हणजे स्वतःहून मिटणारा नळ. चिकटवल्यावर तो मिटतच नाही. सायक्लिक एएमपी साचतं, क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागे सोडियम आणि पाणी. विकर असल्यामुळे एकच रेणू हेच काम पुन्हापुन्हा करतो. जोराच्या पटकीत रुग्णाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पेशी मरत नाही, आतड्याला जखमही होत नाही. रुग्ण मरतो तो शोष पडून. गंमत म्हणजे या विषाचं जनुक मुळात जंतूचं नव्हेच, त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूचं आहे, हे १९९६मध्ये कळलं.

ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी वाट मात्र या विषाला बंद करता येत नाही. मीठ-साखर-पाणी याच वाटेने जीव वाचवतं. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते सिद्ध केलं.

पटकीच्या विषाचा शोध म्हणून आज एकट्या दे यांचं नाव घेतलं जातं. त्यांचा मान खराच आहे. पण १९५९चा इतिहास लिहिताना दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांना वगळणं हा निव्वळ अन्याय आहे.