स्टेअरिंगखाली ‘टक’ वाजले, तर गाडी आधी अंगणात तपासा

पहाटे भाजीच्या करंड्या भरून तुमची गाडी दादरच्या बाजाराला निघते. चिंचोटी फाट्याजवळ पुढचे चाक खड्ड्यात आपटते आणि स्टेअरिंगखालून आवाज येतो, टक! आपण म्हणतो, जुनी गाडी आहे, वाजायचीच. रेडिओचा आवाज वाढवतो अन् पुढे जातो.

चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीला जाणाऱ्या रस्त्यावर अवजड ट्रकांची रहदारी मोठी. पावसाळ्यात तिथल्या खड्ड्यांतून रोज ये-जा करणाऱ्या गाडीचे पुढचे सांधे लवकर झिजतात. त्यातला टायरॉडचा एंड फार महत्त्वाचा. स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा हा गोळीचा सांधा. त्याचे रबरी बूट फाटले की आत चिखलपाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते, गोळी ढिली होते. ती निसटलीच, तर ते चाक तुमच्या हातात राहत नाही. महामार्गावर भरल्या गाडीचे असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको.

तपासायला पैसे लागत नाहीत, जोडीला एक माणूस लागतो. प्रथम चाकांचे नट पाना लावून पाहा. हसू नका, पुष्कळदा आवाज तिथलाच निघतो. मग गाडी सपाट जागी, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने टायरॉडच्या सांध्यावर हात ठेवावा. ‘टक’ हाताला बरोबर लागते. तिथे काही लागले नाही आणि आवाज पायापाशी, डॅशबोर्डखाली येत असेल, तर स्टेअरिंगच्या दांड्याचा क्रॉस जॉइंट बघायला सांगा.

पुढे जॅक लावून चाक उचला. मागच्या चाकांना दगड लावा, चासीखाली लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये, मेस्त्रीनेही नाही. आता चाक दोन्ही बाजूंनी, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खेळ असेल तर संशय टायरॉडवर किंवा रॅकवर. मग वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरा. खेळ दिसला तर जोडीदाराला पायाचा ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर चाकाचे बेअरिंग ढिले, राहिला तर बॉल जॉइंट. पुढे पाटे असलेल्या जुन्या जीपला किंवा टेम्पोला किंग पिन, पाट्यांचे बुश आणि यू-बोल्टही पाहावे लागतात.

स्टेअरिंग न वळवता, नुसत्या गतिरोधकावर खडखड होत असेल तर बहुधा लिंक रॉड किंवा शॉकअपचे रबर. त्याने लगेच जीवावर बेतत नाही. माझ्या गाडीचे मात्र एका गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप बदलले, पैसे घेतले, आणि घरी येईपर्यंत गाडी पुन्हा वाजू लागली! दोष लिंक रॉडचा होता. म्हणून आवाज नेमका केव्हा येतो, वळताना, ब्रेक मारताना की खड्ड्यात, हे कागदावर लिहून मेस्त्रीला द्या. जुना भाग परत मागून घ्या, हाताने हलवून बघा. पुढच्या चाकांना इंजिनची ओढ असलेली मोटार पूर्ण वळणावर कटकट करत असेल तर दोष स्टेअरिंगचा नाही, ॲक्सलच्या सांध्याचा असतो.

टायरॉडचा एंड बदलला की अलाइनमेंट करावेच लागते, नाहीतर नवे टायर एका बाजूने घासून जातात. नटात स्प्लिट पिन असेल तर ती नवीनच घालायला लावा. पुष्कळ ठिकाणी जुनीच सरळ करून ठोकतात.

ग्रामसेवक आणि आरोग्य केंद्राच्या मंडळींना एक विनंती. सरकारी जीप किंवा रुग्णवाहिकेचा चालक ‘स्टेअरिंग वाजतंय’ म्हणाला, तर ते तोंडी ठेवू नका. तारीख आणि किलोमीटर घालून लॉगबुकात नोंद करा, आणि तपासणी होईपर्यंत त्या गाडीत पेशंट बसवू नका.