ढग दिसतो, मग पाऊस का कळत नाही?

हवामान खात्याची थट्टा करणे हा आपल्याकडचा जुना, बिनखर्चाचा विरंगुळा आहे. खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद माझ्या पिढीने घरोघरी ऐकला. दूरदर्शनच्या बातम्यांत इन्सॅट उपग्रहाने टिपलेले ढगांचे चित्र दिसू लागले आणि थट्टेला आणखी धार आली. वरून एवढे स्पष्ट दिसते, तर सांगता का येत नाही?

हा प्रश्न थेट शास्त्रज्ञांना विचारण्याची सोय पुण्यात आहे. राष्ट्रीय विज्ञान दिन (२८ फेब्रुवारी) आणि जागतिक हवामान दिन (२३ मार्च) यांच्या निमित्ताने तेथील हवामान संस्था आपले दरवाजे सर्वांना खुले करतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मी शाळकरी मुलांच्या गर्दीत शिरलो होतो. पडद्यावर उपग्रहाची चित्रे सरकत होती. एका शेतकऱ्याने समजावून सांगणाऱ्या तरुण संशोधिकेला विचारले, ‘‘ताई, ढग दिसतो म्हणता, मग माझ्या शिवारात पडेल का, तेवढं सांगा.’’

ती म्हणाली, ‘‘काका, उपग्रहाला ढगाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत.’’

त्या एका वाक्यात सारे शास्त्र आले. इन्सॅट मालिकेतील उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून आपल्यावर अखंड नजर ठेवतात. त्यांचा अवरक्त किरणांचा कॅमेरा ढगाच्या माथ्याचे तापमान मोजतो. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच ढग पावसाचा, असा साधारण ठोकताळा. पण कोकणात आणि सह्याद्रीत जुलैमध्ये कोसळणारा पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतून येतो. उलट, उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग थेंबही न देता निघून जातात. ढगाच्या पोटातले पाणी ओळखायला सूक्ष्मलहरी मोजणारी उपकरणे लागतात. भारत आणि फ्रान्स यांनी २०११ मध्ये सोडलेल्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’वर ती होती. पण असे उपग्रह पृथ्वीभोवती कमी उंचीवरून फिरत असल्याने एकाच जागेवर सतत नजर ठेवू शकत नाहीत.

म्हणजे एका देशाचे किंवा एका उपग्रहाचे हे काम नव्हे. शास्त्रज्ञांच्या परिषदा आपल्याला रुक्ष वाटतात. पण कोणाचा उपग्रह कोठे असावा, मोजमापे एकमेकांशी कशी जुळवावीत, हे तेथेच ठरत जाते. त्यासाठी युरोप, जपान आणि अमेरिकेचे प्रतिनिधी १९७२ मध्ये प्रथम एकत्र बसले. पुढे भारतही त्या समन्वय गटात आला. हिंदी महासागरावरील धुरकटपणाचा अभ्यास करणाऱ्या ‘इंडोएक्स’ प्रयोगासाठी १९९८ मध्ये युरोपचा मीटिओसॅट-५ आपल्या बाजूला हलवण्यात आला. प्रयोग संपला, तरी त्या जागी एकामागून एक मीटिओसॅट येत राहिले. आपल्या आकाशावर परक्यांचाही पहारा असतो, तो अशा सहकार्यामुळे.

मात्र शास्त्रज्ञांनी आपसांत बोलणे पुरेसे नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाला महाचक्रीवादळाने झोडपले, तेव्हा सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले. दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. उपग्रहांनी दोन्ही वादळे पाहिली होती. मधल्या काळात अंदाज सुधारले, निवारे उभे राहिले, आणि इशारा गावागावांत पोचवण्याची व तो मानण्याची सवय लागली. घर, गुरे सोडून निघायचे, तर सांगणाऱ्यावर विश्वास लागतो. तो वादळाच्या रात्री एकाएकी निर्माण होत नाही.

त्या शेतकऱ्याला शेवटी खरे उत्तर मिळाले : एका शिवाराचे सांगता येत नाही, जिल्ह्याचे सांगता येते, तेही शक्यतेच्या भाषेत. तो नाराज झाला नाही. ‘‘असं आधी कुणी सांगितलंच नव्हतं,’’ एवढेच म्हणाला.

पुढच्या विज्ञान दिनी घरातल्या मुलांना घेऊन जरूर जा, आणि त्यांना मनसोक्त प्रश्न विचारू द्या. अंदाज किती पक्का आणि कोठे कच्चा, हे ज्याला ठाऊक आहे, तोच वेळ आली की इशारा ऐकतो.