मराठी विद्यार्थ्याची हिब्रू : दफ्तर, धातू आणि बेने इस्रायलींची पुस्तके

हिब्रू भाषेचा अभ्यास करू इच्छिणारा मराठी विद्यार्थी बहुधा एखाद्या इंग्रजी प्रवेशिकेपासून आरंभ करतो. ही पुस्तके इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असल्यामुळे त्यांना जे अवघड जाते त्यावरच त्यांत भर असतो. परिणामी मराठी विद्यार्थी आपल्या घरचेच काही परके समजून घोकत बसतो, आणि जेथे खरोखर थांबावयास हवे तेथून पुढे निसटतो. प्रस्तुत लेखकाचे पहिले काही महिने असेच गेले. वस्तुतः हिब्रू मराठीतून शिकविण्याची परंपरा आपल्याकडे १८३२ इतकी जुनी आहे. त्या वर्षी जॉन विल्सन यांनी मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले, ते कोकणातील बेने इस्रायलींसाठी.

बेने इस्रायल म्हणजे कुलाबा, आजच्या रायगड, जिल्ह्यात शतकानुशतके राहिलेला यहुदी समाज. तेल गाळणे हा त्यांतील अनेकांचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद; म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावे गावांवरून पडलेली, बोली मराठी. सुंता, शब्बाथ व आहाराचे निर्बंध त्यांनी पाळले होते; हिब्रू भाषा मात्र विसरली होती. तिच्यातील ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी मुखी उरली होती. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सभास्थान बांधले. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी उपासनेची शिस्त लावली, आणि विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी व्याकरण हाती दिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. शिकणाऱ्यांनी मात्र ती विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला.

या शिक्षणातून जे वाङ्मय निर्माण झाले त्याची दखल मराठी गद्याच्या इतिहासात फारशी घेतली जात नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ हिब्रू व मराठी अशी जोडीने १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली; १८७४ ची पुण्याची सचित्र आवृत्ती तर संग्राहकांत प्रसिद्धच आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या मुंबईतील शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठाने १८७१ मध्ये त्यांस हिब्रूचे परीक्षक नेमले, आणि त्यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे मोठ्या संख्येने केली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजातील मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, आणि ही द्विभाषी पुस्तके वाचणारा वर्ग येथे विरळ झाला. आज मराठीचा संशोधक त्यांतील उजवी बाजू वाचतो तर डावी त्याला मुकी राहते. तिकडे हिब्रू जाणणाऱ्यास मराठी येत नाही. पंडिता रमाबाईंच्या बायबलविषयीही हेच म्हणता येईल. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात मूळ भाषांवरून मराठी भाषांतर सिद्ध केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण छापून निघाले. त्याच्या भाषेविषयी आपण मते देतो, परंतु मूळ न वाचता दिलेले भाषांतराविषयीचे मत ते कितीसे? (हिब्रूला पुन्हा बोलभाषा करण्यासाठी झटणारा एलिएझेर बेन यहुदा आणि रमाबाई या दोघांचेही जन्मवर्ष १८५८ व मृत्युवर्ष १९२२ आहे. योगायोगच, पण लक्षात राहतो.)

आता भाषेकडे वळू. लिपीची भीती अकारण आहे. अक्षरे बावीस; लेखन उजवीकडून डावीकडे; पाच अक्षरांची शब्दान्ती निराळी रूपे होतात. दालेथ व रेश, बेथ व कफ, हे व हेथ या जोड्या डोळ्यांना फसवितात, परंतु दोन आठवड्यांत नजर बसते. खरी अडचण अशी की ही लिपी मूलतः व्यंजनांची आहे. स्वरांची टिंबे-रेघा तिबेरियासच्या पंडितांनी इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान निश्चित केल्या, आणि सामान्य छपाईत त्या गाळल्याच जातात. द-ब-र एवढेच लिहिले असता ‘दावार’ म्हणजे शब्द किंवा गोष्ट, ‘देवेर’ म्हणजे रोगाची साथ, ‘दिब्बेर’ म्हणजे बोलला, यांपैकी काय वाचावयाचे ते संदर्भ ठरवितो. येथील पुरालेखागारात ज्यांनी मोडी कागद चाळले आहेत त्यांना या स्थितीचे नवल वाटू नये. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. शब्द आधी ओळखावा लागतो आणि मग तो वाचता येतो.

ओळखावयाचा कसा, तर धातूवरून. संस्कृतच्या अभ्यासकाला धातू म्हटला की मागेपुढे प्रत्यय लागलेले दिसतात. हिब्रूत धातू म्हणजे तीन व्यंजनांचा सांगाडा, आणि अर्थ फिरतो तो आतील स्वर बदलून. मराठीला ही रीत अगदीच अपरिचित नाही : मरणे–मारणे, पडणे–पाडणे, फुटणे–फोडणे. हिब्रूत ‘लामद’ म्हणजे शिकला. मधले व्यंजन दुहेरी करून ‘लिम्मेद’ म्हटले की शिकविले. ‘तल्मीद’ म्हणजे शिष्य, आणि ‘तल्मूद’ हे ग्रंथनाम त्याच धातूचे. बेने इस्रायलींनी जपलेला ‘शेमा’ हा शब्दही असाच. तो आज्ञार्थ आहे : ‘ऐक’. ‘शामा’ म्हणजे ऐकले, ‘शोमेआ’ म्हणजे ऐकणारा, ‘निश्मा’ म्हणजे ऐकू आले. ‘यिश्मा-एल’ म्हणजे ‘देव ऐकतो’. त्याचे अरबी रूप इस्माईल, हे नाव कोल्हापुरात कोणास ठाऊक नाही? एक शब्द शतके टिकला आणि त्याच्या पोटी सारे क्रियापद-प्रकरण दडलेले होते.

इस्माईलच्या उदाहरणाने आपण अरबीपर्यंत आलो, आणि मराठी विद्यार्थ्याची सर्वांत मोठी पुंजी येथेच आहे. अरबी ही हिब्रूची भगिनीभाषा. तिचे शेकडो शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत आले. मालक व मुलूख यांच्या शेजारी हिब्रू ‘मेलेख’, म्हणजे राजा; कबर याच्या शेजारी ‘केवेर’; हकीम व हिकमत यांच्या शेजारी ‘हाखाम’, म्हणजे ज्ञानी. दिवेकरांच्या सभास्थानाचे नाव ‘शाअर हाराहामिम’, दयेचे द्वार. त्यातील र-ह-म हा धातू आपल्या रहम व रहीम या शब्दांत आहे. परंतु सुट्या शब्दांपेक्षा चांगली सामग्री आपल्या जुन्या कागदांच्या मथळ्यावरच असते. मराठेशाहीतील पत्रांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांनी लिहीत. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर व हजार, अर्थात १०७५. त्यात ५९९ मिळविले की १६७४, आणि वर्षाच्या उत्तरभागात ६०० मिळवावयाचे. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सब्बा, समान, तिस्सा, अशर ही माला इतिहासाच्या विद्यार्थ्यास पाठ असते. आता हिब्रू माला पाहावी : अहत, श्तायिम, शालोश, अर्बा, हामेश, शेश, शेवा, श्मोने, तेशा, एसेर, शंभरास ‘मेआ’ (दफ्तरातील मया), हजारास ‘एलेफ’ (दफ्तरातील अलफ). वेगळे काही पाठ करावयास नकोच.

या दोन माला शेजारी ठेवल्या म्हणजे ध्वनिनियमही आपोआप हाती येतो. दफ्तरातील ‘स’ असेल तेथे हिब्रूत ‘श’ : सलास–शालोश, सब्बा–शेवा, समान–श्मोने, तसेच सलाम–शालोम. आणि दहाच्या शब्दात नेमके उलट : अशर–एसेर. कारण प्राचीन सेमिटिकमध्ये या वर्गात एकाहून अधिक निरनिराळे ध्वनी होते आणि दोन्ही भाषांनी ते आपापल्या परीने एकत्र केले. अरबीत ‘सलास’चा पहिला वर्ण खरे तर ‘स’ नव्हेच, त्याचा ‘स’ केला तो फारसी उच्चाराने. अतएव तुलना करताना मूळ अरबी रूप पाहणे अवश्य आहे. हिब्रूत हिशेबाला ‘हेश्बोन’ म्हणतात. मराठी ‘हिशेब’ मधील ‘श’ पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. अरबी रूप ‘हिसाब’ आहे, आणि आपला ‘श’ हा मराठीच्या स्वतःच्या सवयीचा, पुढे ए-इ आले की होणारा. नियम येथेही खरा ठरतो, पण आपल्या ‘श’मुळे नव्हे. उलट दिशेचा प्रवासही क्वचित आढळतो. एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ‘होदू’, म्हणजे हिंदुस्थान, याचा उल्लेख आहे आणि त्याच अध्यायात ‘कर्पस’ हे वस्त्र आहे. तो शब्द संस्कृत कर्पास, आपला कापूस.

संख्यावाचकांत एक काटा आहे तोही सांगितला पाहिजे. ‘आ’कारान्त रूप, जे दिसावयास स्त्रीलिंगी, ते पुल्लिंगी नामाबरोबर येते : ‘श्लोशा बानिम’ तीन मुलगे, ‘शालोश बानोत’ तीन मुली. अरबीतही असेच आहे. याचे समाधानकारक स्पष्टीकरण शोधण्यात आरंभीच वेळ घालवू नये.

षष्ठीच्या बाबतीत मराठी सवय आडवी येते. मराठीत ज्याची वस्तू त्याचे सामान्यरूप होते : मुलगा–मुलाचे घर. हिब्रूत मालक जसाच्या तसा राहतो आणि वस्तूचे रूप बदलते. ‘बानिम’ म्हणजे पुत्र. ‘इस्रायलचे पुत्र’ म्हणताना ‘बानिम’चे ‘बेने’ होते. समाजाचे नावच हा धडा शिकविते. याला जवळचे काही मराठीत हवे असल्यास ‘किल्ले पन्हाळा’, ‘कसबे बावडा’ हे प्रयोग आठवावेत. त्यांतील ‘ए’ हा फारसी इजाफतीचा अवशेष मानतात. तोही पहिल्या नामास लागतो, पन्हाळा अविकृत राहतो. हिब्रूत ‘नाहार’ म्हणजे नदी, आणि फरात नदी म्हणजे ‘नेहर पेरात’. रचना तंतोतंत किल्ले पन्हाळ्याची.

क्रियापदात मात्र इंग्रजी पुस्तकाने घातलेली भीती मराठी माणसाने मनावर घेऊ नये. ‘तू गेलास’ व ‘तू गेलीस’ हा भेद इंग्रजांना नवा; आपण तो रोज करतो. हिब्रूत ‘हालख्ता’ व ‘हालख्त’. वर्तमानकाळी ‘मी जातो’, ‘मी जाते’. हिब्रूत ‘अनी होलेख’, ‘अनी होलेखेत’. पण ‘मी गेलो’ व ‘मी गेले’ यांना हिब्रूत ‘हालख्ती’ हे एकच रूप आहे, आणि अनेकवचनी हिब्रू आपल्यापुढे जाते : ‘तुम्ही गेलात’ याला पुरुषांसाठी ‘हलख्तेम’, स्त्रियांसाठी ‘हलख्तेन’.

हा शेवटचा भेद एका ठिकाणी उपयोगी पडतो. पहिल्या वाचनासाठी रूथचे पुस्तक घ्यावे. चारच अध्याय, गोष्ट घरगुती, संवाद पुष्कळ, आणि शेजारी रमाबाईंचे भाषांतर ठेवता येते. पहिल्या अध्यायात नामी आपल्या दोन विधवा सुनांना निरोप देते. बोलणारी स्त्री, ऐकणाऱ्या स्त्रिया, आणि ‘तुम्ही केलेत’ या अर्थी क्रियापद मात्र ‘असितेम’, पुल्लिंगी. व्याकरणाप्रमाणे ‘असितेन’ हवे. जुन्या बोलीची ही खूण, की लेखनिकाचा प्रमाद, की पुल्लिंगी रूपाचा सर्वसाधारण वापर, यावर पंडितांत मतभेद आहेत. मराठीच्या ‘तुम्ही’ला लिंग नसल्यामुळे कोणत्याही मराठी भाषांतरात हा प्रश्न दिसणारच नाही. तो मूळ ओळीत, तिच्या अखेरच्या मेमवर बोट ठेवूनच दिसतो.