विश्लेषण : पोलादी काडतुसांमुळे रायफल लवकर झिजते का?

पितळेपेक्षा पोलाद कठीण, त्यामुळे पोलादी पुंगळीची स्वस्त काडतुसे रायफलीचे नुकसान करतात, असा समज अमेरिकेतील हौशी नेमबाजांमध्ये अनेक वर्षे आहे. तब्बल ४० हजार काडतुसांच्या एका चाचणीत झीज खरी असल्याचे दिसले. पण तिचे मुख्य कारण पुंगळी नव्हते. हे कसे, ते समजून घेऊ या.

पुंगळी आणि गोळी यांत फरक काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर गोळी नळीतून बाहेर जाते. पुंगळी मात्र नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्येच राहते आणि एक्स्ट्रॅक्टर नावाची आकडी तिला बाहेर ओढते. म्हणजेच पुंगळीचा संबंध चेंबर आणि आकडीशी येतो, तर नळीच्या आतील भागाला घासत जाते ती गोळी. या वादात नेमका हाच फरक अनेकदा विसरला जातो.

पोलादी पुंगळ्या आल्या कोठून?

पुंगळीच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. युद्धकाळात तांब्याचा तुटवडा पडला, तेव्हा जर्मनीने पोलादी पुंगळ्या वापरल्या. सोव्हिएत संघाने पुढे त्यांचे प्रचंड उत्पादन केले. गंज टाळण्यासाठी त्यांवर लॅकरचा, नंतर पॉलिमरचा थर दिला जाऊ लागला. एके-४७ साठीचे ७.६२ × ३९ मिमी काडतूस चांगलेच निमुळते असल्याने त्याची पोलादी पुंगळीही चेंबरमधून सहज सुटते. एआर-१५ मध्ये वापरले जाणारे ५.५६ × ४५ मिमी काडतूस त्या मानाने सरळसोट असते. त्यामुळे तक्रारी मुख्यतः या रायफलींबाबत येतात.

चाचणीत काय आढळले?

‘लकी गनर’ या अमेरिकी काडतूस विक्रेत्या कंपनीने २०१३ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बुशमास्टर कंपनीच्या एआर-१५ प्रकारच्या चार रायफली घेऊन प्रत्येकीसाठी १० हजार काडतुसे ठरवण्यात आली. एकीला फेडरलची पितळी, तर उरलेल्या तिघींना वुल्फ, तुला आणि ब्राऊन बेअर ही पोलादी पुंगळीची रशियन काडतुसे देण्यात आली. तुला वापरणारी रायफल पुंगळ्या अडकू लागल्याने मध्येच बाजूला ठेवावी लागली. वुल्फ आणि ब्राऊन बेअरच्या रायफलींनी १० हजारांचा टप्पा गाठला, पण पाच ते सहा हजारांच्या दरम्यानच त्यांच्या नळ्या निकामी झाल्या होत्या. गोळ्या हवेत आडव्या होऊन लक्ष्यावरील कागदाला गोल नव्हे, तर लांबट भोके पाडत होत्या. फेडरल वापरलेली नळी १० हजारांनंतरही कामाची होती. मात्र, ज्या आकडीवर पोलादी पुंगळीचा सर्वाधिक परिणाम अपेक्षित होता, तिची झीज फारशी चिंताजनक नव्हती.

मग नळी कशाने झिजली?

गोळीच्या वेष्टनाने. नेहमीच्या गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे मऊ वेष्टन असते. चाचणीतील रशियन गोळ्यांचे वेष्टन सौम्य पोलादाचे होते आणि त्यावर तांब्याचा केवळ पातळ थर होता. यालाच ‘बायमेटल’ म्हणतात. गोळीला गिरकी देणाऱ्या नळीतील आट्यांवर हे कठीण वेष्टन दर वेळी घासते. त्यात वेगवान गोळीबाराची उष्णता मिळाली, की चेंबरलगतचा भाग आधी झिजतो. चाचणीतील गोळीबार वेगाने झाला होता. सावकाश आणि नळी थंड होऊ देत नेमबाजी करणाऱ्याची नळी याहून जास्त टिकू शकते.

पुंगळी पूर्ण निर्दोष आहे का?

नाही. पितळेची ताठरता पोलादाच्या साधारण निम्मी असते. दाब वाढताच पितळी पुंगळी फुगून चेंबरला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरताच पुरेशी आक्रसून सुटते. पोलादी पुंगळी या दोन्ही कामांत कमी पडते. फटीतून मागे आलेल्या वायूची काजळी चेंबरमध्ये साठते आणि पुंगळी अडकू शकते. पोलादी काडतुसे वापरून झाल्यावर पितळी भरण्यापूर्वी चेंबर साफ करण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो. पुंगळी कठीण असली, तरी तिचे सौम्य पोलाद आकडीच्या उष्णतासंस्कारित पोलादाहून मऊच असते.

स्वस्त काडतुसे परवडतात का?

चाचणीच्या वेळच्या दरांनुसार, नळी बदलण्याचा खर्च धरूनही पोलादी काडतुसांत पैसे वाचत होते. हे गणित कायमचे नाही. अमेरिकेने सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आणले आणि स्वस्त पुरवठ्याचा मोठा मार्ग आटला. शिवाय बायमेटल गोळ्यांमुळे ठिणग्या उडतात आणि गोळ्या अडवणाऱ्या भिंतीचे नुकसान होते, म्हणून तेथील अनेक नेमबाजी केंद्रे त्या चालू देत नाहीत. ओळखण्यासाठी चुंबक पुंगळीला नव्हे, गोळीच्या टोकाला लावतात. चिकटला, तर गोळीत पोलाद आहे. ते वेष्टनात असेल किंवा गाभ्यात.

भारताशी संबंध काय?

अमेठीतील कोरवा येथे तयार होणारी एके-२०३ ही रायफल ७.६२ × ३९ मिमी काडतूसच वापरते. महाराष्ट्रात खडकी आणि वरणगाव येथील दारूगोळा कारखाने लष्करासाठी लहान शस्त्रांची काडतुसे बनवतात. हौशी नेमबाजासाठी झिजलेली नळी म्हणजे वाढीव खर्च. जवानासाठी मात्र चुकलेला नेम किंवा अडकलेली पुंगळी जिवावर बेतू शकते. म्हणूनच काडतुसाचा विचार केवळ पुंगळीच्या धातूवरून करता येत नाही. गोळीचे वेष्टन, काडतुसाचा आकार आणि नळीची जडणघडण हे सारे एकत्रच तपासावे लागते.