छबिलदास: शाळेच्या हॉलमध्ये वाढलेली रंगभूमी

गिरगावात खोताच्या वाडीतली जुनी घरं बघायला लोक मुद्दाम येतात. दादरच्या छबिलदास गल्लीत गर्दी होते ती बटाटेवड्यासाठी. तिथल्या शाळेची इमारत वारसा म्हणून कुणी दाखवत नाही. पण मराठी प्रायोगिक नाटकाचा एक मोठा कालखंड याच शाळेच्या हॉलमध्ये घडला.

‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेल्या अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७१ साली ‘आविष्कार’ सुरू केली. संस्था होती, नाटकं होती. हक्काची जागा मात्र नव्हती. सुलभाताई छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्या ओळखीतून १९७४ साली हॉल मिळाला आणि शाळा सुटल्यावर तिथे नाटकं होऊ लागली.

जवळच शिवाजी मंदिर नाट्यगृह होतं. तिथे नाटक चालायचं ते तिकीटखिडकीच्या जोरावर. छबिलदासमध्ये थोडक्या प्रेक्षकांसाठी, थोडक्या पैशांत प्रयोग करता येई. नाटक फसलं तरी कुणी देशोधडीला लागत नसे. त्यामुळेच धाडस परवडत होतं.

जागेचा ताबाही ‘आविष्कार’ने स्वतःपुरता ठेवला नाही. दिग्दर्शक सत्यदेव दुबे आले. अमोल पालेकरांच्या ‘अनिकेत’ या संस्थेने बादल सरकारांचं ‘जुलूस’ इथे केलं. त्यात नट आणि प्रेक्षक यांच्यात रंगमंचाची रेषाच उरली नाही. पुण्याची थिएटर अकॅडमी आली. मराठीइतक्याच मोकळेपणाने इतर भाषांतली नाटकंही झाली. नट हाताच्या अंतरावर उभा असल्यामुळे खोटा आवाज, खोटा हुंदका लगेच पकडला जाई. आवाज न चढवता बोलणारा अभिनय मराठी नटांनी इथे घासूनपुसून घेतला. पुढे याला ‘छबिलदास चळवळ’ हे नाव पडलं, आणि ते सार्थ होतं.

१९८७ साली अरविंद देशपांडे गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासचा हॉल सुटला आणि ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. काकडेकाकांनी हिंमत सोडली नाही. महेश एलकुंचवारांची वाडा नाट्यत्रयी चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली सलग उभी राहिली ती माहीमच्या शाळेतल्या काळातच. तासन्‌तास चालणारं असं नाटक अंगावर घेण्याची ताकद छबिलदासने कमावून दिली होती.

सुलभाताई २०१६ साली गेल्या, काकडेकाका २०१९ साली. त्यांच्या नावाने पुरस्कार, महोत्सव जरूर व्हावेत. पण खरी कृतज्ञता वेगळी आहे: आज नाटक करू पाहणाऱ्या पोरांना परवडेल अशा भाड्यात तालमीची आणि प्रयोगाची जागा देणं. संध्याकाळी कुलूप लागणारे शाळांचे हॉल या शहरात कमी नाहीत. १९७४ साली एका शाळेने आपलं दार उघडलं, म्हणून एवढी मोठी रंगभूमी उभी राहिली. ते आजही करता येईल.